मोटारसायकलचा मळ आणि माणसाचे हात

मोटारसायकल दुकानातून बाहेर पडते तेव्हा ती आरशासारखी झळकत असते. एक पावसाळा उलटू द्यावा आणि मग तिच्या पोटाखाली वाकून पाहावे. इंजिनाच्या बुडाशी, चेनच्या दातेरी चाकाभोवती, मागच्या चाकाच्या आसाजवळ एक काळा, चिकट, नखाने ओरबाडला तरी न निघणारा थर साचलेला असतो. मराठी माणूस त्याला नुसते ‘मळ’ म्हणतो आणि मोकळा होतो. पण हा मळ म्हणजे साधी धूळ नव्हे. त्यात इंजिनातून झिरपलेले तेल असते, चेनला लावलेले वंगण असते, रस्त्यावरची माती असते, टायरच्या रबराचा भुगा असतो, आणि चेन व ब्रेक यांच्या झिजेतून निघालेला धातूचा बारीक कीस असतो. तेल धुळीला धरून ठेवते आणि धूळ तेलाला वाहू देत नाही. इंजिनाच्या उष्णतेने हे मिश्रण दिवसेंदिवस भाजून निघते आणि शेवटी डांबरासारखे घट्ट होऊन बसते.

हा मळ काढणे म्हणजे केवळ नटवेपणा नव्हे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांच्या फटींत मळ भरला की उष्णता बाहेर पडण्याची वाट बुजते आणि इंजिन फाजील तापते. चेनवरचा मळ कानसेसारखे काम करतो व तिचे सांधे झिजवितो. सैल झालेला बोल्ट, चिरलेली नळी, तडा गेलेली चौकट हे सारे मळाखाली झाकले जाते आणि अपघात झाल्यावरच उघडकीस येते. तेव्हा मळ काढलाच पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कसा काढावा याविषयी. आणि या ‘कसा’च्या पोटात एक असा इतिहास दडलेला आहे की, त्याची गणना ना विज्ञानाच्या बखरीत होते ना कामगारांच्या. एकेका पिढीने मळ झटपट काढण्याचे एकेक द्रव्य शोधले, त्याला मोठ्या विश्वासाने ‘सुरक्षित’ म्हटले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी हातांनी मोजली.

या इतिहासाचा आरंभ जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या कान्श्टाट या गावी होतो. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी १८८५ साली तेथे एका लाकडी चौकटीवर लहानसे पेट्रोल इंजिन बसविले. दोन्ही बाजूंना छोटी आधाराची चाके असलेले हे वाहन जगातील पहिली मोटारसायकल म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा पाउल याने ते कान्श्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत चालवीत नेले. या प्रवासात खालच्या तापलेल्या इंजिनामुळे बसण्याची गादी पेटली, अशी आठवण सांगतात. मोटारसायकल जन्माला आली तीच अशी, तेल, उष्णता आणि आग यांच्या शेजारात.

त्या काळी पेट्रोल मिळे तरी कोठे? पेट्रोलपंप ही वस्तूच अस्तित्वात नव्हती. याचे उत्तर तीन वर्षांनी घडलेल्या एका प्रवासात सापडते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ याची पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा ती वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानात शिरली आणि तेथून तिने ‘लिग्रोइन’ नावाचा द्रव विकत घेतला. हा पेट्रोलच्याच जातीचा हलका द्रव औषधवाले कपड्यांवरील डाग काढण्यासाठी ठेवीत असत. म्हणजे पेट्रोलवर मोटार चालू लागण्यापूर्वी त्याच जातीच्या द्रवाने डाग निघत होते. त्याच प्रवासात इंधनाच्या नळीत केर अडकला, तो बेर्थाबाईने आपल्या टोपीच्या लांब पिनेने काढला. मोटारीच्या इतिहासातील ही पहिली नोंदलेली साफसफाई म्हटली तरी चालेल, आणि ती द्रवाने न होता एका पिनेने व धीराने झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पेट्रोलचे हे दुहेरी रूप पुढे फार महाग पडले. टाकीत आहे तेच तेल फडक्यावर ओतले की मळ क्षणात विरघळतो, मग दुसरे काही आणावे कशाला, असा विचार जगातील जवळजवळ प्रत्येक मोटारसायकलवाल्याने कधी ना कधी केला आहे. पण पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेट घेण्याजोगी असते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते, आणि दहा पावलांवरची शेगडी किंवा बटणाची एक ठिणगी तिला पुरते. साफ करणारा हात येथे, आणि आग लागते ती तेथून.

आरंभीच्या मोटारसायकलींवर मळही काही थोडाथोडका नसे. त्या काळच्या इंजिनांत तेल पुन्हा पुन्हा फिरवून वापरण्याची सोय नव्हती. स्वार आपल्या हाताने छोटा पंप दाबून इंजिनात तेल सोडी. ते काही जळे, काही फटींतून बाहेर ठिबके आणि उरलेले स्वाराच्या पायांवर उडे. त्यातच शर्यतीचे स्वार एरंडेल पसंत करीत. इंग्लंडमधील वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली एरंडेल मिसळलेल्या वंगणाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. एरंडेल तापलेल्या धातूला उत्तम धरून राहते. पण उष्णतेने त्याचा लाखेसारखा चिकट थर बनतो. महाराष्ट्रातील जुन्या बैलगाड्यांच्या कण्यांवर जमणारे वंगणाचे पुट ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या थराची कल्पना सहज येईल. त्यात रस्ते डांबरी नव्हते. प्रत्येक फेरीनंतर गाडी अक्षरशः खरवडून काढावी लागे.

या कामी पहिला मान मिळाला तो रॉकेलला. हा शब्द मराठीत इंग्रजी ‘रॉक ऑइल’ म्हणजे खडकातील तेल या नावावरून आला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षातही येत नाही. रॉकेल मळ विरघळविते, पण पेट्रोलप्रमाणे पटकन उडून जात नाही. सर्वसाधारण तपमानात त्याची वाफ सहजासहजी पेटत नाही, कारण त्यासाठी ते साधारणतः ३५ ते ४० अंशांपर्यंत तापावे लागते. इंग्लंडच्या थंड हवेत ही मर्यादा पुष्कळच सुरक्षित होती. पण तीच मर्यादा नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात लावून पाहिली म्हणजे तिचा अर्थ पालटतो. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना उघड्या परातीतले रॉकेल पेट्रोलइतके नसले तरी बरेच त्याच्या जवळ गेलेले असते. एका देशातील सुरक्षिततेचा नियम दुसऱ्या देशात जसाच्या तसा लागू पडत नाही, ही गोष्ट यंत्रांबरोबर आलेल्या पुस्तिका सांगत नसत.

पहिल्या महायुद्धाने मोटारसायकलला सैन्यात नेले. ब्रिटिश फौजेतील निरोप्ये ट्रायंफ व डग्लस बनावटीच्या गाड्यांवरून फ्रान्स आणि फ्लँडर्समधील चिखलातून संदेश पोहोचवीत. ट्रायंफ कंपनीने ‘मॉडेल एच’ या जातीच्या सुमारे ३०,००० गाड्या लष्कराला पुरविल्या. तारा तुटल्या की सारी भिस्त या गाड्यांवर असे, आणि गाडीची भिस्त तिच्या स्वच्छतेवर. चिखलाने चाक आणि चिखलरोधक यांमधील जागा भरली की गाडी जागच्या जागी अडे. त्यामुळे गाडी साफ करणे ही हौस न राहता शिस्त झाली. रोजची पाहणी, ठराविक दिवसांची धुलाई आणि वंगण, ही आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत घडविण्यात सैनिकी कारखान्यांचा वाटा मोठा आहे. पण सैन्यात वेळ थोडा आणि पेट्रोल हाताशी. म्हणून पेट्रोलने हात व गाडी दोन्ही धुण्याची सवयही तेथूनच नागरी जीवनात पसरली.

ही सवय किती घातक ठरणार होती, हे कळायला फार काळ लागला नाही. अमेरिकेत डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली या अभियंत्याने १९२१ च्या डिसेंबरात एक शोध लावला. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले की इंजिनातील ठोके थांबत. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथल्या शुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे कामगार एकाएकी भ्रमिष्ट होऊ लागले आणि त्यांतील पाच जण दगावले. लोकांत खळबळ उडाली. त्या महिन्याच्या अखेरीस मिजलीने वार्ताहरांना बोलावले, आणि हे द्रव्य निर्धोक आहे हे पटवून देण्यासाठी सर्वांच्या समक्ष त्याने आपले हात धुतले. पाण्याने नव्हे, त्याच टेट्राएथिल लेडने! नंतर त्याने त्याची वाफही हुंगून दाखविली. वस्तुतः त्याच्या आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे त्यालाच विश्रांतीसाठी फ्लॉरिडात जाऊन राहावे लागले होते; पण ही गोष्ट त्या दिवशी बोलली गेली नाही.

हे संयुग कातडीतून शरीरात शिरते. त्यानंतर जगभर ज्या ज्या हातांनी पेट्रोलचे फडके धरले, त्या हातांना थोडेफार शिसे लागलेच. आणि हे हात बहुधा गाडीच्या मालकाचे नसत. ते कारखान्यातील उमेदवाराचे, गॅरेजमधल्या पोऱ्याचे असत. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत मिळू लागले आणि २००० साली देशभरातून शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगाच्या पाठीवर रस्त्यावरील वाहनांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया; तेथे ते २०२१ मध्ये संपले. मात्र शिसे गेले म्हणून पेट्रोल हात धुण्याजोगे झाले असे नव्हे. त्यातील बेंझिन हाडांमधील मज्जेवर, म्हणजे जेथे रक्त तयार होते तेथेच, आघात करते. ते कर्करोगकारक आहे.

पेट्रोल पेटते, एवढे तरी सर्वांना ठाऊक होते. तेव्हा न पेटणारा द्रव सापडला की प्रश्न मिटला, असे रसायनशास्त्रज्ञांना वाटले तर नवल नाही. तसा द्रव त्यांच्या हाती होता. कार्बन टेट्राक्लोराइड नुसते न पेटणारे नव्हे, तर आग विझविणारे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते पितळी हातपंपांत भरून आग विझविण्यासाठी मोटारींत ठेवीत. तेलकट डाग ते हा हा म्हणता काढी. घरात, शिंप्याकडे, धुलाईच्या दुकानात आणि यंत्रशाळेत ते ‘निर्धोक’ द्रव म्हणून मानाने नांदले. पुढे उमगले की, त्याची वाफ यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करते, आणि तापलेल्या धातूवर ते पडले तर त्यातून फॉस्जीन तयार होतो. हा तोच वायू, जो पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांवर सोडला गेला होता. १९७० मध्ये अमेरिकेत घरगुती वस्तूंमधून त्याला बंदी झाली.

त्याच्या जागी त्याचेच भाऊबंद आले. ट्रायक्लोरोइथिलीन यंत्रशाळांतील कढयांत उकळू लागले. तेही न पेटणारे आणि म्हणून निर्धोक मानलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याला माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले. ट्रायक्लोरोइथेन हे आणखी एक भावंड माणसाला त्या मानाने कमी अपायकारक निघाले; पण त्याने आभाळाला अपाय केला. वातावरणातील ओझोनचा थर विरळ करणाऱ्या द्रव्यांना आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रिऑल येथे करार झाला, आणि १९९० च्या लंडन दुरुस्तीने कार्बन टेट्राक्लोराइड व ट्रायक्लोरोइथेन या दोघांनाही त्या यादीत बसविले. योगायोग असा की, ज्या वायूंमुळे हा करार मुख्यतः करावा लागला, त्या शीतकरणाच्या वायूंचा जनकही टॉमस मिजलीच होता.

या साऱ्या परंपरेत एकच चूक वारंवार झालेली दिसते. प्रत्येक वेळी सुरक्षिततेचा अर्थ एकाच धोक्यापुरता लावला गेला. पेट्रोलच्या काळी ‘गाडीला अपाय नाही’ म्हणजे सुरक्षित. टेट्राक्लोराइडच्या काळी ‘आग लागत नाही’ म्हणजे सुरक्षित. धुणाऱ्याचे यकृत, शेजारची विहीर, डोक्यावरचे आकाश यांचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

दुसरीकडे, या घाईगर्दीपासून दूर, मळ काढण्याची एक मंदगती विद्याही वाढत होती. तिचे मूळ स्वयंपाकघरात आहे. महाराष्ट्रातील घराघरांत तेलकट भांडी चुलीतल्या राखेने घाशीत. राखेत क्षार असतो. त्याचा तेलाशी संयोग होऊन जागच्या जागी थोडासा साबण तयार होतो. रिठ्याच्या पाण्याला येणारा फेसही असाच तेलाला उचलून धरतो. फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल याने चरबीवरील आपला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला आणि साबण म्हणजे काय, याचा उलगडा केला. परंतु साबण मळाला नेमका कसा उचलतो, हे कोडे अजून सुटायचे होते.

त्याची एक किल्ली सापडली ती जर्मनीतील ब्राउनश्वाइक गावी, भांडी घासण्याच्या पाण्यात. आग्नेस पोकेल्स ही तरुणी आजारी आईवडिलांची सेवा करीत घर सांभाळीत असे. त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. भांड्यांच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला की पाण्याच्या पृष्ठभागाचे वागणे पालटते, हे तिने टिपले, आणि पत्र्याचे एक साधे पात्र घेऊन तो ताण मोजण्याचे साधन घरच्या घरी बनविले. १८९१ च्या जानेवारीत तिने आपली निरीक्षणे इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांना कळविली. रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठविले, आणि मार्च महिन्यात ते छापून आले. पृष्ठभागाच्या शास्त्राचा हा एक पाया मानला जातो. पुढे १९१३ मध्ये ब्रिस्टलच्या मॅकबेन याने साबणाचे कण पाण्यात पुंजके करून राहतात, अशी कल्पना मांडली. कणाचे एक टोक पाण्याचे सख्य करते, दुसरे तेलाचे. तेलाकडील टोके मळाच्या थेंबात रुततात, पाण्याकडील टोके बाहेर राहतात, आणि तेलाचा थेंब चहूकडून वेढला जाऊन पाण्याबरोबर वाहू लागतो. पहिल्या महायुद्धात चरबीची टंचाई पडली तेव्हा जर्मनीत चरबीवाचून धुण्याचे कृत्रिम द्रव्यही निघाले. दख्खनच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो. अशा कृत्रिम द्रव्यांचा सहसा होत नाही.

येथे एक बारकावा आहे. राखेने एरंडेल निघते, कारण वनस्पतींच्या तेलाचा साबण होऊ शकतो. खनिज तेलाचा साबण होत नाही. त्यावर सोडा कितीही ओता, ते तसेच राहते. एवढेच नव्हे, तर इंजिनाचे ॲल्युमिनियम मात्र सोड्याने खाल्ले जाते. दोन-ठोकी इंजिनांच्या काळात सायलेन्सरमध्ये काजळी व तेल यांचा थर साचे, आणि तो काढण्यासाठी कारागीर सायलेन्सर खोलून त्यात कॉस्टिक सोड्याचे पाणी भरीत. लोखंडी सायलेन्सरला ते चाले. तेच पाणी इंजिनावर उडाले तर धातूवर पांढरे व्रण उमटत, आणि डोळ्यात उडाले तर दृष्टी जाई. खनिज तेलावर खरा उपाय म्हणजे रॉकेलसारख्या विद्रावकात पृष्ठभागावर काम करणारे द्रव्य मिसळणे. असे मिश्रण मळावर लावून काही वेळ थांबले की ते आत मुरते. मग पाणी सोडताच सारे दुधाळ होऊन वाहून जाते. यात बळाचे काम थोडे आणि थांबण्याचे काम फार.

भारतात मोटारसायकलचा प्रसार स्वातंत्र्यानंतर झाला. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड कंपनी उभी राहिली आणि बुलेट लष्कराबरोबर नागरी रस्त्यांवरही दिसू लागली; १९६१ पासून म्हैसूरच्या जावा गाड्या धावू लागल्या. मराठी मुलखाने त्या साऱ्यांना ‘फटफटी’ हे एकच लाडके नाव दिले. या गाड्या धुण्याची एक देशी रीत रूढ झाली. रेशनवरचे निळे रॉकेल किंवा डिझेल, एक जुना ब्रश, गोणपाट व चिंध्या, आणि शेवटी ओढ्याचे किंवा तळ्याचे पाणी. कोकणची तांबडी माती आणि घाटावरची चिकण काळी माती तेलात मिसळली म्हणजे तिच्यापुढे दुसरा इलाजही नसे. गाडी निघे स्वच्छ. पण पाण्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा तवंग उमटे, आणि खालच्या अंगाला गुरे तेच पाणी पीत. वापरलेले इंजिन तेल भारताच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ओढ्याला हा नियम पूर्वीपासूनच ठाऊक होता.

मळ काढण्यापेक्षा तो होऊच न देणे बरे, हा विचारही याच काळात बळावला. ब्रिटिश इंजिनांची पेटी उभी दुभंगलेली असे आणि तिच्या सांध्यातून तेल पाझरे. होंडाने आपल्या अनेक इंजिनांत ती आडवी विभागली, त्यामुळे सांधा तेलाच्या पातळीच्या वर राहिला आणि गळती थांबली. १९८५ पासून धारूहेड्याहून निघालेल्या हिरो होंडाच्या शंभर सी.सी. गाडीची चेन पुरती झाकलेली होती. १९७० च्या दशकात चेनच्या सांध्यांत रबरी कडी बसवून आतले वंगण आतच कोंडण्याची युक्ती निघाली. या कड्यांनी सफाईचा नियमही बदलला. पेट्रोल, थिनर किंवा तारेचा ब्रश यांनी त्या खराब होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश त्यांना चालतो.

शेवटी आले पाण्याचे बळ. आल्फ्रेड केर्शर याने १९५० मध्ये गरम पाण्याचा दाबयुक्त फवारा सोडणारे यंत्र बनविले, तेही कान्श्टाटपासून जवळच असलेल्या विनेंडेन गावी पुढे विख्यात झालेल्या त्याच्या कारखान्यातून. पहिली मोटारसायकल आणि तिला धुणारे हे यंत्र एकाच पंचक्रोशीतली म्हणावी लागतील. आज गावोगावच्या धुलाई केंद्रांत अशी यंत्रे आहेत. त्यांत विष नाही, आग नाही. पण हाच फवारा जवळून मारला तर चाकाच्या बेअरिंगमधले वंगण धुऊन जाते, विजेच्या जोडांत पाणी शिरते, आणि बोट आडवे आले तर पाणी कातडी भेदून आत घुसते. बाहेरून टाचणीएवढी दिसणारी अशी जखम बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकते. बळ पाण्याचे असले तरी बळच.

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या अनुभवाचे सार अगदी साधे निघाले. गाडी सावलीत, मोकळ्या हवेत उभी करावी आणि इंजिन पुरते निवू द्यावे. हवा आत घेणारे तोंड आणि सायलेन्सरचे टोक झाकावे. वाळलेला चिखल आधी पाण्याने भिजवावा, कारण कोरडी माती घासली की ती रंगावर ओरखडे काढते. जाड थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच उचलावा. पोलादाच्या पातीने नव्हे. मग पाण्याने धुतले जाणारे विद्रावक लावून थांबावे, ब्रशाने फिरवावे, साध्या धारेने धुवावे. एका खेपेत न निघाले तर पुन्हा लावावे. चेन साफ करताना चाक हाताने फिरवावे, इंजिन चालू ठेवून कदापि नव्हे. चेन आणि दातेरी चाक यांमध्ये सापडलेली बोटे अनेक कारागिरांनी गमावली आहेत. तेल, रॉकेल किंवा पॉलिश यांचा थेंबही ब्रेकवर वा टायरवर पडू देऊ नये. जुन्या गाड्यांच्या ब्रेकमधील भुकटी फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी, कारण पूर्वीच्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. शेवटी गाडी पुसून वाळवावी, चेनला नवे वंगण द्यावे, आणि रस्त्यावर येण्यापूर्वी सावकाश चालवून ब्रेक पारखून पाहावा. हातांत मोजे असावेत, आणि काळे तेल गटारात न ओतता डब्यात साठवून ते घेणाऱ्याकडे द्यावे.

यात चमत्कार असा एकही नाही. प्रत्येक पायरीमागे कोणाची तरी भाजलेली कातडी, कोणाचे तरी तुटलेले बोट उभे आहे. या इतिहासात हातांच्या दोन जोड्या मात्र विसरता येत नाहीत. एक हात वार्ताहरांसमोर विषाने धुतले गेले, कारण धोका नाही असे जगाला पटवायचे होते. दुसरे हात स्वयंपाकघरातील भांड्यांच्या पाण्यात होते. त्यांना काहीच पटवायचे नव्हते, फक्त पाहायचे होते. पहिल्या हातांनी दिलेल्या ग्वाहीची फेड जगाला जवळजवळ शंभर वर्षे करावी लागली. दुसऱ्या हातांनी जे पाहिले, त्याच्या आधारावर आज कोणत्याही गावातील गॅरेजमधला मुलगा संध्याकाळी काळे झालेले हात साबणाने धुतो आणि त्याच हातांनी जेवायला बसतो. गाडी किती झळकते यापेक्षा त्याचे ते हात कशाने धुतले गेले, यावरूनच सफाई सुरक्षित झाली की नाही हे ठरेल.